एका मिनिटाचे श्वास

लढाईला इतिहास असतो, तहाला असतो, पडक्या किल्ल्यालाही असतो. पण सर्दी-पडशाला कसला इतिहास, असे तुम्ही म्हणाल. तुमचे म्हणणे अगदीच चूक आहे असे नाही. नाक चोंदते, घसा धरतो, चार दिवस खोकला येतो आणि माणूस पुन्हा आपल्या कामाला लागतो. त्याची नोंद कोण ठेवणार?

पण वाचकहो, हीच सर्दी चार-सहा महिन्यांच्या बाळाच्या नाकातून घशात आणि घशातून छातीत उतरली, की ती साधी राहत नाही. मग तिची नोंद होते, आणि ती पुष्कळदा मृत्यूच्या वहीत होते. या रोगाशी माणसाने दिलेल्या झुंजीचे एक मोठे पान आपल्याच महाराष्ट्रात, जुन्या चांदा जिल्ह्याच्या जंगलात लिहिले गेले आहे. त्या पानाची ओळख करून घेण्यासाठी हा लेख आहे.

प्रथम शरीराची रचना पाहू. नाक, कान, घसा आणि छाती ही आपण वेगवेगळी दुखणी समजतो. प्रत्येकाचा डॉक्टरही वेगळा. पण आतून पाहाल तर हे एकाच घराचे दिवाणखाने आहेत, आणि मधली दारे उघडी आहेत. घशाच्या वरच्या भागातून कानात एक बारीक नळी जाते. मोठ्या माणसात ती उतरती असते. लहान मुलात आखूड आणि जवळजवळ आडवी असते. म्हणून मुलाला सर्दी झाली की पाठोपाठ कान ठणकतो, फुटतो आणि वाहू लागतो. तोच घसा खाली श्वासनलिकेला मिळतो. तान्हे बाळ तर श्वास बहुतेक नाकानेच घेते. त्याचे नाक बंद झाले की त्याला धड दूधही ओढता येत नाही.

या घरातला सर्वांत धूर्त भाडेकरू म्हणजे न्यूमोकॉकस नावाचा जंतू. १८८१ मध्ये फ्रान्समध्ये लुई पाश्चर आणि अमेरिकेत जॉर्ज स्टर्नबर्ग या दोघांनी तो स्वतंत्रपणे शोधला, आणि दोघांनाही तो सापडला लाळेत. स्टर्नबर्ग यांना तर तो स्वतःच्याच लाळेत सापडला, आणि ते काही आजारी नव्हते! म्हणजे हा जंतू धडधाकट माणसाच्या नाकाघशातही गुपचूप मुक्काम करून असतो. संधी मिळाली की तोच कानात पू करतो, मेंदूच्या आवरणाला सूज आणतो, आणि फुप्फुसात उतरला तर न्यूमोनिया करतो. न्यूमोनियाचे इतर जंतूही आहेत; पण हा त्यांतला मोठा दांडगा.

रोग जुना आहे, तशी त्याची ओळखही जुनी आहे. आपल्या आयुर्वेदाने सर्दीला प्रतिश्याय म्हटले, खोकल्याला कास म्हटले, आणि चरकसंहितेने श्वासाचे पाच प्रकार सांगितले. आपल्या आयाबायांचा शब्द मात्र साधा: बाळाला 'डब्बा झाला.' पोट उडते, बरगड्या आत ओढल्या जातात, धाप लागते, हे सारे त्या एका शब्दात येते. रोग ओळखण्यात त्या कमी नव्हत्या. कमी होता तो उपाय. विदर्भातच मेळघाटात अशा बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे डाग देण्याची चाल होती. ती क्रूर होती हे खरेच. पण ज्या आईच्या हाती दुसरे काहीच नाही, ती हातावर हात ठेवून कशी बसेल, याचाही विचार केला पाहिजे.

इकडे युरोपात डॉक्टरांच्या हाती नवी साधने येत होती. १८१६ मध्ये पॅरिसच्या लेनेक यांनी कागदाची गुंडाळी करून ती रोग्याच्या छातीला लावली, आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्माला आला. १८९५ मध्ये राँटजेन यांना क्ष-किरण सापडले. १९३८ च्या सुमारास न्यूमोनियावर सल्फा औषध आले, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेनिसिलिन आले. निदान झाले, औषध झाले. आता लढाई संपली असे कोणालाही वाटावे.

पण ती कोणासाठी संपली? ज्याच्या गावात डॉक्टर आहे त्याच्यासाठी. स्टेथोस्कोपला ऐकणारा शिकलेला कान लागतो. क्ष-किरणांना वीज लागते. आता चांद्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. वैनगंगा ओलांडून पूर्वेला गेले की साग, मोह आणि बांबूचे रान सुरू होते, ते दक्षिणेला सिरोंच्यापर्यंत, गोदावरी-प्राणहितेच्या संगमापर्यंत चालतच राहते. हा मुलूख एवढा लांबरुंद, की २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली हा वेगळा जिल्हा करावा लागला. त्याचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग जंगलच आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडची वाट बंद पडत असे. बाबा आमटे यांनी १९७३ च्या डिसेंबरात त्याच भागात हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तिथे दवाखाना चालवला, तेव्हा माडिया मंडळी रोग्याला घेऊन मैलोन् मैल पायी येत. पण न्यूमोनिया झालेले तान्हे बाळ मैल मोजीत नाही. त्याचा खेळ कधी कधी एका-दोन दिवसांत आटोपतो.

तेव्हा खरा प्रश्न असा होता: स्टेथोस्कोप नाही, क्ष-किरण नाहीत, डॉक्टर नाही; अशा ठिकाणी साधे पडसे कोणते आणि जीवघेणा न्यूमोनिया कोणता, हे ओळखायचे कसे?

याचे उत्तर एका दूरच्या डोंगराळ प्रदेशातून आले. पापुआ न्यू गिनीत फ्रँक शान नावाचे बालरोगतज्ज्ञ आणि त्यांचे सहकारी आजारी मुले तपासत होते. मुलाचा श्वास मिनिटाला किती वेळा होतो, एवढे नुसते मोजले तरी न्यूमोनियाचा बराच चांगला अंदाज येतो, असे त्यांना आढळले. १९८४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत त्यांनी ते मांडले. यामागचे कारणही सोपे आहे. फुप्फुसाच्या बारीक कोशांत सूज आणि पाणी आले की ती ताठर होतात. खोल श्वास घेववत नाही, म्हणून बाळ उथळ आणि भराभर श्वास घेते. साध्या सर्दीत नाक वाहील, घसा घरघरेल, पण श्वासाचा वेग असा वाढत नाही. पुढे याचे नियम ठरले: दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा अधिक झाला, तर न्यूमोनियाची शंका धरावी.

आता गडचिरोलीकडे वळू. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे दांपत्य अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परत आले आणि १९८६ च्या सुमारास या जिल्ह्यात 'सर्च' ही संस्था घेऊन बसले. १९८८ पासून त्यांनी शंभराच्या आसपास गावांत एक प्रयोग मांडला. काही गावांत लोकांना न्यूमोनियाची लक्षणे समजावून सांगायची, आणि तिथल्याच आरोग्यसेवकांना व सुइणींना श्वास मोजायला आणि औषध द्यायला शिकवायचे; शेजारच्या गावांत नेहमीची सरकारी व्यवस्था जशी चालू आहे तशी चालू द्यायची, आणि दोन्हीकडचे बालमृत्यू मोजायचे. औषध होते को-ट्रायमोक्साझोल, त्या काळचे स्वस्त आणि तोंडाने देता येणारे.

यात अडचण आली ती आकड्यांची. सुईणबाईंचा हात कुशल, नजर तीक्ष्ण. पण पुष्कळ जणींना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हते, आणि घड्याळ तर वाचताच येत नव्हते. मग काय करायचे? बंग यांनी मण्यांची एक पाटी केली, आपली मुलांची गणिताची असते तशीच. तिला एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ जोडले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मण्याची पाळी आली, तर बाळाला न्यूमोनिया आहे असे समजायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी मण्यांची एक ओळ आणि त्याहून मोठ्यासाठी दुसरी. दहा ही तर हाताची बोटेच. ती कोणाला मोजता येत नाहीत? लेनेक यांची कागदाची गुंडाळी आणि गडचिरोलीची मणीपाटी या दोन्ही मला एकाच कुळातल्या वाटतात. फरक एवढाच, की पहिलीने डॉक्टरचे कान लांब केले, आणि दुसरीने डॉक्टरची विद्या सुइणीच्या हाती दिली.

या प्रयोगाचा निकाल १९९० मध्ये 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. प्रयोगाच्या गावांत न्यूमोनियाच्या ६१२ रुग्णांवर उपचार झाले. त्यांत दगावणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ०.८ पडले. तुलनेच्या गावांत ते शेकडा १३.५ होते. पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे न्यूमोनियाने होणारे मृत्यू एका बाजूला ८.१, तर दुसऱ्या बाजूला १७.५. आकडे कोरडे असतात, पण हे आकडे जरा थांबून वाचा. दोन्हीकडचे रान तेच, चुलीचा धूर तोच, भात तोच, गरिबीही तीच. बदलली होती ती एकच गोष्ट: बाळाच्या उशाशी बसून कोणीतरी एक मिनिट श्वास मोजत होते, आणि मोजणाऱ्याच्या पिशवीत औषध होते.

अर्थात आक्षेप आले, आणि ते फुकाचे नव्हते. न शिकलेल्या बाईच्या हाती जंतुनाशक औषध द्यायचे? उद्या प्रत्येक शिंकेला ती गोळी देईल, त्याचे काय? शिवाय श्वासाची मोजणी हे अचूक निदान नव्हे. ताप चढला, मूल रडले, तरी श्वास वाढतो. न्यूमोनिया नसलेल्या काही मुलांना औषध जाणारच. हे सारे मान्य करावे लागते. पण मोजणीची दुसरी बाजूही आहे. मोजल्यावर वेग कमी निघाला, तर औषध द्यायचे नाही, हेही तीच पाटी सांगते. शिकलेल्यांच्या शहरात साध्या पडशावर भारी औषधे घेणारे कमी आहेत काय? त्यांच्यापेक्षा मणी सरकवणारी सुईण अधिक शास्त्रशुद्ध म्हणायची! आणि नेपाळात जुमला, टांझानियात बागामोयो अशा ठिकाणांहूनही त्याच सुमारास अशाच प्रयोगांचे निष्कर्ष आले, तेव्हा ही एकट्या गडचिरोलीची किमया नाही, हे स्पष्ट झाले.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. गडचिरोलीत हेच सूत्र नवजात बाळांपर्यंत नेण्यात आले. ३९ गावांत 'आरोग्यदूत' म्हणून गावातल्याच स्त्रिया तयार झाल्या, आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू तुलनेच्या गावांहून शेकडा ६२ ने घटले. तो अहवाल १९९९ चा. २००१ मध्ये महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंचे वास्तव मांडणारा 'कोवळी पानगळ' हा अहवाल निघाला, आणि सरकारी वह्यांत न उतरलेल्या मृत्यूंची विधिमंडळापासून वर्तमानपत्रांपर्यंत चर्चा झाली. २०११ मध्ये केंद्र सरकारने नवजात बाळाच्या घरी जाऊन काळजी घेण्याचे काम देशभरच्या आशा कार्यकर्तींवर सोपवले. औषधही बदलले; को-ट्रायमोक्साझोलच्या जागी आता अमोक्सिसिलिनला पसंती आहे. आणि ज्या भाडेकरूची गोष्ट मी वर सांगितली, त्या न्यूमोकॉकसवरची लस २०२१ मध्ये देशभरच्या सरकारी लसीकरणात आली. ती छातीबरोबर कानाचेही काही प्रमाणात रक्षण करते, कारण घर एकच आहे.

कान म्हटल्यावर दोन शब्द त्याच्याविषयीही. वाहत्या कानात तेल टाकण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. ती सोडावी. स्वच्छ, शोषक सुती कापडाची वात करून कान कोरडा करीत राहावा आणि डॉक्टरला दाखवावा. कानामागे दुखरी सूज दिसली तर एक दिवसही थांबू नये.

आणि मूळ मुद्दा हा. घरात लहान मूल असेल, त्याला खोकला-सर्दी असेल, तर ते शांत असताना किंवा झोपलेले असताना त्याच्या अंगावरचा कपडा वर करा, घड्याळ समोर ठेवा आणि पोटाचे वरखाली होणे पूर्ण एक मिनिट मोजा. अर्धे मिनिट मोजून दुप्पट करू नका; बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. वर दिलेल्या आकड्यांना तो पोचला तर लगेच दवाखाना गाठा. बरगड्यांखालची छाती श्वासागणिक आत ओढली जात असेल, बाळ दूध पीत नसेल किंवा मलूल पडले असेल, तर मोजत बसण्याचीही गरज नाही, तसेच उठा.

राजांच्या सनावळ्या मी वर्गात शिकवतो, विद्यार्थी त्या परीक्षेपुरत्या पाठ करतात आणि विसरतात. साठ, पन्नास आणि चाळीस हे तीन आकडे मात्र विसरू नका. पन्नासपर्यंत मोजता न येणाऱ्या बायकांनी ते मण्यांवर सांभाळले आणि त्यांच्या बळावर मुले वाचवली. आपल्याला तर मोजताही येते.