रेबीज : गावच्या कुत्र्यापासून रानकुत्र्यापर्यंत

एटापल्ली तालुक्यातील सूरजागडसारख्या जंगलवेढ्या परिसरात गावची कुत्री धन्यामागे रानात जातात; तेथे रानकुत्री, कोल्हे यांच्याशी त्यांची गाठ पडू शकते. रेबीजचा विषाणू लाळेतून, मुख्यत्वे चाव्यावाटे पसरतो. लक्षणे दिसल्यावर मृत्यू जवळजवळ अटळच. रानकुत्री कळपाने राहत असल्याने एकाची लागण अख्ख्या कळपास भोवू शकते. आफ्रिकेतील सेरेनगेटीत १९९० च्या सुमारास तेथील वेगळ्या जातीच्या रानकुत्र्यांत रेबीज आढळला आणि १९९१ पर्यंत अभ्यासाखालील कळप नाहीसे झाले. कारणांवर तज्ज्ञांत वाद झाला, तो निराळा. उपाय मात्र गावातच आहे. सुमारे ७० टक्के कुत्र्यांना नियमित लस दिल्यास प्रसाराची साखळी तुटते. माणसास चावा झाल्यास झाडपाल्यावर विसंबू नये; जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि विनाविलंब लस घ्यावी.