घरातलाच कंस : मुले, घातकी नातलग आणि काळा विनोद

सिल्वासा : लहान मूल, त्याच्या जिवावर किंवा वारशावर टपलेला जवळचा नातलग आणि या भीषण पेचातूनही प्रेक्षकाच्या ओठांवर येणारे हसू, या तिन्हींच्या मिश्रणातून एक वेगळा कथाप्रकार घडला आहे. इंग्रजी चित्रपटांत आणि बालकादंबऱ्यांत तो चांगलाच रुजला असला, तरी मराठी वाचकाला तो परका नाही. कंसमामाची कथा, शनिवारवाड्यातील ‘काका, मला वाचवा’ ही हाक, बालरंगभूमीवरची चेटकीण आणि अलीकडचा ‘तुंबाड’ ही त्याचीच देशी रूपे होत. या प्रकाराची घडण, त्याच्या प्रमुख कलाकृती आणि सिल्वासाच्या इतिहासाशी असलेला त्याचा अनपेक्षित संबंध यांचा हा परिचय. (पुढे काही चित्रपटांच्या शेवटांचा उल्लेख आहे.)

प्रकाराची घडण

या कथांत चार गोष्टी हमखास आढळतात. पहिली गोष्ट म्हणजे वारसा. मुलाकडे असे काहीतरी असते जे नातलगाला हवे असते. ते कधी सिंहासन असते, कधी मृत्युपत्रातील संपत्ती, तर कधी बाहुलीत लपवलेल्या नोटा. दुसरी गोष्ट म्हणजे मोठ्यांचा अविश्वास. मूल खरे सांगते, पण शेजारी, शिक्षक, पोलीस आणि कधी कधी आईसुद्धा त्याला गप्प बसवते. तिसरी गोष्ट म्हणजे मुलाचे ज्ञान. त्याच्याकडे शक्ती नसते. मात्र घरातील कोनाडे, मोठ्यांच्या सवयी आणि त्यांच्या थापा त्याला तोंडपाठ असतात. चौथी गोष्ट म्हणजे विनोद, आणि तो बहुतेक वेळा खलनायकाच्या सभ्यपणातून निर्माण होतो. पानात आग्रहाने वाढणारा, डोक्यावरून हात फिरवणारा आणि त्याच वेळी काटा काढण्याचा बेत रचणारा काका जितका भयंकर, तितकाच हास्यास्पदही असतो.

मराठीत या विरोधाला अधिक धार येते, कारण आपली नातेवाचक संबोधने मायेने ओथंबलेली आहेत. ‘माय मरो, पण मावशी जगो’ अशी म्हण असलेल्या भाषेत मावशीच घातकी निघाली, तर धक्का दुप्पट बसतो. दुसरीकडे ‘कंसमामा’ आणि ‘शकुनीमामा’ हे शब्दही याच भाषेने दिले आहेत. नात्यांवर भरवसा ठेवावा आणि डोळेही उघडे ठेवावेत, ही दोन्ही शिकवण लोकभाषेत शेजारी-शेजारी नांदते.

आद्य नमुना : मथुरेचा मामा

भारतीय परंपरेत या प्रकाराचा मूळ साचा कृष्णजन्माच्या कथेत सापडतो. देवकीचे आठवे अपत्य आपला काळ ठरणार, हे आकाशवाणीतून कळल्यावर कंस बहिणीला आणि मेहुण्याला कारागृहात डांबतो आणि भाच्यांचा एकेक करून अंत करतो. गोकुळात वाढणाऱ्या कृष्णाकडे तो पूतनेला पाठवतो. ती दूध पाजणाऱ्या प्रेमळ स्त्रीच्या रूपात येते. वात्सल्याच्या आड लपलेले विष ही या प्रकाराची ओळखच आहे. तरीही या कथेत मुलाच्या खोड्या, लोणीचोरी आणि राक्षसांची फजिती भरपूर आहे. दहीहंडीच्या जल्लोषात भाच्यांच्या हत्येची ती पार्श्वभूमी कोणाला आठवतही नाही. भय आणि हसू एकाच कथेत सुखाने राहू शकतात, हे लोकपरंपरेने केव्हाच ओळखले होते.

शनिवारवाडा आणि नगर हवेली

मराठी मनातील सर्वांत ठसठशीत घातकी काका मात्र पुराणातला नाही, इतिहासातला आहे. थोरले माधवराव पेशवे नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊर येथे वारले आणि त्यांचे धाकटे बंधू नारायणराव गादीवर आले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, शनिवारवाड्यात गारद्यांनी त्यांची हत्या केली. तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशीअंती चुलते रघुनाथराव यांना दोषी धरले. ‘धरावे’ या शब्दातील ‘ध’चा ‘मा’ आनंदीबाईंनी केला, ही आख्यायिका पुढे वाक्प्रचार होऊन बसली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी याच प्रकरणावर ‘भाऊबंदकी’ हे नाटक लिहिले.

या घटनेचे पुढे काय झाले, हे पाहिले म्हणजे काळ्या विनोदाचे काम ध्यानात येते. काकांना मिठी मारून जीव वाचवण्याची विनवणी करणाऱ्या पुतण्याची हाक आज शाळकरी मुले खेळताना हसत हसत देतात. राजकारणातील काका-पुतण्यांच्या भांडणावर व्यंगचित्र काढायचे, तर हीच चार अक्षरे-दोन अक्षरे पुरतात. अडीचशे वर्षांपूर्वीचा आक्रोश विनोदाचे चलनी नाणे झाला आहे. ही असंवेदनशीलता म्हणावी, की असह्य गोष्ट सुसह्य करून जपण्याची समाजाची रीत म्हणावी, यावर मतभेद होऊ शकतात. मात्र या हसण्यामुळेच ती हत्या विस्मृतीत गेली नाही, हे नाकारता येत नाही.

सिल्वासाच्या वाचकासाठी या कथेचा पुढचा भाग अधिक जवळचा आहे. नारायणरावांच्या पश्चात १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदर किल्ल्यावर त्यांच्या पुत्राचा, सवाई माधवरावांचा जन्म झाला. हे तान्हे मूल पेशवा झाले आणि त्याच्या नावाने बारभाईंनी कारभार हाती घेतला. चुलत आजोबा रघुनाथराव या बाळाच्या गादीसाठी इंग्रजांकडे गेले. मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला आणि त्यातून पहिले इंग्रज-मराठा युद्ध पेटले. या धामधुमीत गोव्याच्या पोर्तुगिजांशी सलोखा राखणे पुणे दरबाराला सोयीचे होते. मराठा आरमाराने पोर्तुगिजांच्या ‘संताना’ या जहाजाचे नुकसान केले होते. १७ डिसेंबर १७७९ च्या मैत्रीच्या करारात त्याची भरपाई म्हणून वर्षाला १२,००० रुपये उत्पन्नाची गावे देण्याचे ठरले. त्यानुसार १७८३ मध्ये नगर हवेली पोर्तुगिजांच्या ताब्यात गेली. दादरा त्यांनी १७८५ मध्ये मिळवले.

म्हणजे ज्या पेशव्याच्या नावाने हा प्रदेश दिला गेला, तो त्या वेळी नऊ वर्षांचा मुलगा होता, आणि त्याचा सर्वांत मोठा शत्रू त्याच्याच घरातला होता. करारामागे इतरही कारणे होती. परंतु पुण्यातील घरभांडणाची सावली इथल्या गावांवर पडली होती, एवढे निश्चित. पुढे २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. त्या लढ्यात सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखी मंडळी उतरली होती.

सवाई माधवरावांचा अंतही याच वाड्यात झाला. १७९५ मध्ये, एकविसाव्या वर्षी, ते वरच्या मजल्यावरून पडून मरण पावले. त्यांचे पालकत्व सांभाळणाऱ्या नाना फडणवीसांचा काळ विजय तेंडुलकरांनी ‘घाशीराम कोतवाल’साठी निवडला. १९७२ मध्ये जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आलेल्या या नाटकात कोतवालीच्या मोहाने बाप आपल्या कोवळ्या मुलीला नानाच्या हवाली करतो. हे सारे घडते ते नाच, गाणी आणि डोलणाऱ्या ब्राह्मणांच्या रांगेसमोर. मुलीसाठी सर्वांत घातक नातलग तिचा बापच ठरतो आणि प्रेक्षक टाळ्या वाजवता वाजवता अवघडून जातो. मराठी काळ्या विनोदाचे याहून कठोर उदाहरण सापडणे अवघड आहे.

बालरंगभूमीची युक्ती

मुलांसाठी लिहिताना भय किती द्यावे, हा प्रश्न मराठी बालरंगभूमीने हिमतीने हाताळला. सुधा करमरकर यांच्या लिटल थिएटरने १९५९ मध्ये रत्नाकर मतकरी यांचे ‘मधुमंजिरी’ सादर केले. मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मधील चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी गाजवली आणि २०१८ च्या पुनरुज्जीवनात ती वैभव मांगले यांनी उभी केली. पुरुष नटाने साकारलेली ही चेटकीण मुलांना घाबरवते आणि पुढच्याच क्षणी त्यांना खदखदून हसवते. ती नातलग नसली, तरी मोठ्या माणसाच्या सत्तेचे ते विडंबन आहे. मोठ्यांची फजिती होऊ शकते, हे ज्ञान मुलाला नाटकगृहात सुरक्षितपणे मिळते.

हिंदीत विशाल भारद्वाज यांच्या ‘मकडी’ने (२००२) हाच धागा पकडला. शबाना आझमींची चेटकीण शेवटी ढोंगी निघते आणि श्वेता बसू प्रसादने साकारलेली चिमुरडी तिचे बिंग फोडते. या उलगड्याला आदिवासी पट्ट्यात विशेष अर्थ आहे. एखाद्या वृद्धेला, बहुधा विधवेला, ‘डाकीण’ किंवा ‘भुताळी’ ठरवून छळण्याचे प्रकार खऱ्याखुऱ्या गावांत घडले आहेत आणि आरोप करणाऱ्यांत कित्येकदा तिचेच नातलग असतात. दुष्ट म्हातारी हा साचा लेखकाने डोळे मिटून वापरू नये, याची आठवण ‘मकडी’ करून देते.

‘तुंबाड’ : पोरगा ते बाप

राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’ १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला आणि २०२४ मध्ये पुन्हा चित्रपटगृहांत आल्यावर त्याला मोठा प्रतिसाद लाभला. त्याच्या पहिल्या भागाची प्रेरणा नारायण धारप यांच्या ‘आजी’ या कथेत आहे आणि ती कथा स्टीफन किंगच्या ‘ग्रॅमा’ या कथेवर बेतलेली आहे. दोन्हींच्या केंद्रस्थानी घरात आजीसोबत एकटे राहिलेले मूल आहे. चित्रपटात १९१८ च्या कोकणात बालक विनायकवर साखळदंडांनी बांधलेल्या शापित वृद्धेला भरवण्याची पाळी येते. ही वृद्धा आणि पुढच्या भागातील विनायकचा मुलगा पांडुरंग या दोन्ही भूमिका मोहम्मद समद या बालकलाकाराने केल्या आहेत.

चित्रपटाचे खरे मर्म त्याच्या रचनेत आहे. पहिल्या भागात घातकी नातलगाच्या तावडीतून सुटलेला विनायक पुढे स्वतःच घातकी नातलग होतो. तो मुलाला विहिरीत उतरून हस्तरच्या सोन्याच्या मोहरा चोरण्याचे शिक्षण देतो. बापलेकांच्या या सरावात विनोद पुष्कळ आहे. पण बाप आपल्या मुलाला वारसा म्हणून हाव देत आहे, ही जाणीव हसू गोठवते. शेवटी पांडुरंग तो वारसा नाकारतो. कंसाच्या कथेत मुलाचा विजय मामाला मारण्यात होता. येथे तो बापासारखे न होण्यात आहे. या प्रकाराला भारतीय चित्रपटाने दिलेली ही मोलाची भर होय.

जगाच्या पडद्यावर

पाश्चात्त्य परंपरेतील पायाभूत चित्रपट म्हणजे ‘द नाईट ऑफ द हंटर’ (१९५५). नट चार्ल्स लॉटन यांनी दिग्दर्शित केलेला हा एकमेव चित्रपट. रॉबर्ट मिचमने रंगवलेला तोतया धर्मोपदेशक विधवेशी लग्न करून सावत्र बाप बनतो. बाहुलीत दडवलेले दहा हजार डॉलर कोठे आहेत, हे फक्त दोन मुलांना ठाऊक असते. प्रदर्शनाच्या वेळी अपयशी ठरलेला हा चित्रपट आज अभिजात मानला जातो. त्याआधी हिचकॉकच्या ‘शॅडो ऑफ अ डाउट’मध्ये (१९४३) लाडक्या मामाचे खरे रूप ओळखणारी तरुण भाची दिसली होती.

लेमोनी स्निकेट या टोपणनावाने डॅनियल हँडलर यांनी १९९९ ते २००६ या काळात तेरा कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतील काउंट ओलाफ हा दूरचा नातलग तीन अनाथ भावंडांच्या संपत्तीसाठी वेषांतरांवर वेषांतरे करतो. त्याचे सोंग मुलांना लगेच कळते, मोठ्यांना मात्र कधीच कळत नाही. या मालिकेवर २००४ मध्ये जिम कॅरीचा चित्रपट आला आणि २०१७ ते २०१९ दरम्यान नेटफ्लिक्सवर मालिका झाली. माहे येथे जन्मलेले मनोज नाइट श्यामलन यांनी ‘द व्हिजिट’मध्ये (२०१५) दोन भावंडांना कधीही न पाहिलेल्या आजी-आजोबांकडे पाठवले. ज्यांना ती आजी-आजोबा समजतात, ते तोतये निघतात. येथे विनोद मुलांच्या कॅमेऱ्यातून आणि धाकट्याच्या रॅपगाण्यांतून येतो.

हसण्यापलीकडचे

हे सारे कल्पनेतले असते, तर विषय करमणुकीवरच संपला असता. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या १३ राज्यांतील अभ्यासात १२,४४७ मुलांशी संवाद साधण्यात आला होता. लैंगिक अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्म्या व्यक्ती मुलाच्या ओळखीच्या किंवा विश्वासातील होत्या, असे त्यात आढळले. अनोळखी माणसापासून सावध राहा, असे मुलांना बजावणारा समाज घरातल्या धोक्याबद्दल बोलायला कचरतो. या कथा ती कोंडी फोडतात. ‘मोठा माणूसही चुकू शकतो आणि तुझे म्हणणे खरे असू शकते’, हे त्या मुलाला सांगतात, आणि पालकाला मुलाचे शब्द ऐकून घेण्याचा धडा देतात.

मात्र सर्व कलाकृती सर्व वयांसाठी नाहीत. ‘तुंबाड’ आणि ‘द व्हिजिट’ हे मोठ्यांचे चित्रपट आहेत. ‘अलबत्या गलबत्या’, ‘मकडी’ आणि स्निकेटच्या कादंबऱ्या मुलांसोबत अनुभवता येतात. सेन्सॉर मंडळाने २०२४ पासून यूए वर्गात ७, १३ आणि १६ वर्षे असे टप्पे केले आहेत. चित्रपट निवडताना ते पाहावेत. पाहून झाल्यावर मुलाशी बोलणे त्याहून महत्त्वाचे. कोणत्या प्रसंगाची भीती वाटली, एवढे विचारले तरी पुष्कळ कळते.

शनिवारवाड्यातील हाक ऐकणारा तिथे कोणी नव्हता. आज संकटातील मुलासाठी, किंवा त्याच्या वतीने कोणालाही, १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक देशभर चोवीस तास विनाशुल्क उपलब्ध आहे.