रिमॅप: कंपनीचा आणि आपला

नोकरी पुण्यात, गाव बीडकडे, गाडी डिझेल. मांजरसुंब्याचा घाट आला की रिमॅपचा विषय निघतोच. "लॅपटॉप लावायचा, पिकअप वाढतो, कळतंय कुणाला?"

कळतं हो! २०१५ मध्ये अमेरिकेत फोक्सवॅगनचं बिंग फुटलं. इंजिनाचं सॉफ्टवेअर चाचणी चालू आहे हे ओळखून नायट्रोजन ऑक्साइड कमी दाखवायचं. मग पुण्याच्या एआरएआयने इथल्या गाड्या तपासल्या आणि डिसेंबरात कंपनीने सुमारे ३.२३ लाख गाड्या परत बोलावल्या, नवं सॉफ्टवेअर भरायला. म्हणजे रिमॅपच की! फक्त जबाबदारी कंपनीची.

आपण केला तर? टर्बो गेला की वॉरंटीवर पाणी सोडा. विम्याचं जरा वेगळं आहे. थर्ड पार्टी कायद्याने सक्तीचा, त्यामुळे धडक बसलेल्याला सहसा भरपाई मिळते. आपल्या गाडीचं नुकसान मात्र करारावर. बदल लपवला असेल तर क्लेम अडकू शकतो. त्यात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापासून हलेल असा बदल नको, हे २००० च्या दुरुस्तीने आलं आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये उचलून धरलं.

असो. वॉरंटी संपली की बरेच जण "आता बिनधास्त" म्हणतात. पण विमा दरवर्षी भरावा लागतो, आणि हा बदल तिथे दरवर्षी सांगायचा राहून जातो.