काचेवरचा इतिहास

स्मरणिकेसाठी इतिहासावर चार ओळी लिहा, अशी मंडळाची आज्ञा झाली. इतिहास म्हटला की आपल्याला ताम्रपट, बखरी आणि शिलालेख आठवतात. मला मात्र एका उपेक्षित साधनाविषयी लिहावेसे वाटते. ते म्हणजे छायाचित्राची निगेटिव्ह.

कागदावरचा फोटो ही नक्कल होय. निगेटिव्ह हे मूळ. युरोपात १८३९ साली छायाचित्रणाची कला जाहीर झाली आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघालीसुद्धा. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढीचे छायाचित्रकार. पुढे पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स यांनी लोणार व आपले तालुक्याचे गाव मेहकर येथील प्राचीन वास्तूंची छायाचित्रे घेतली. पडझडीपूर्वीचे दगड कसे होते, हे आज अशा छायाचित्रांवरूनच कळते.

या कलेत स्त्रियांचा हात प्रारंभापासून आहे. १९१३ साली दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. त्या काळी सगळ्या मंडळींचा स्वयंपाक उरकून फिल्मला भोके पाडणे, ती रसायनात धुणे ही कामे सरस्वतीबाई करीत. एवढ्या कष्टाचा तो चित्रपट आज आपल्याला अपुराच पाहायला मिळतो!

नष्ट होण्याची कारणे अनेक आहेत. काच फुटते. जुनी नायट्रेटची फिल्म भडकन पेटते. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या अशा असंख्य फिल्मा जळाल्या. नंतरची अ‍ॅसिटेटची फिल्म उष्णतेने व दमटपणाने कुजते आणि तिला शिरक्याचा वास येऊ लागतो. वरचा थर जिलेटिनचा असल्याने पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते. आपल्या वऱ्हाडात तर वैशाखाचे ऊन आणि श्रावणाची ओल, दोन्ही शत्रू हजर.

संग्रहालयांतून हे रक्षणाचे काम स्वयंसेवकांच्या साहाय्याने करता येते, कारण त्याला विद्वत्तेपेक्षा निगुतीची गरज अधिक. सुती हातमोजे घालावेत, निगेटिव्ह कडेने धरावी, मऊ कुंचल्याने धूळ झाडावी. पाणी मुळीच लावू नये. प्रत्येकीला आम्लविरहित कागदाचे पाकीट करावे व आत घालण्यापूर्वीच त्यावर पेन्सिलीने क्रमांक घालावा. काचा आडव्या न रचता उभ्या ठेवाव्यात. शिरक्याचा वास येणाऱ्या वेगळ्या काढाव्यात. नायट्रेटची शंका आली तर जाणकाराला विचारल्यावाचून घरात ठेवू नये. शेवटी प्रत्येकीची प्रत घेऊन नोंदवही लिहावी. डाळ-तांदूळ निवडून डब्यांत भरणाऱ्या आपल्याला यात अवघड ते काय?

पण भगिनींनो, पाकिटापेक्षाही नोंदवही मोलाची आहे. माझ्या माहेरच्या पेटीत काही निगेटिव्ह निघाल्या. एक उजेडासमोर धरली तेव्हा लुगडी नेसलेल्या पाच बायका ओळीने उभ्या दिसल्या. आत्याबाईंनी दोघींची नावे सांगितली. उरलेल्या तिघींना ओळखणारे कोणीच राहिले नव्हते. चित्र शाबूत होते, माणसे मात्र हरवली होती. पुरुषांची नावे सातबाऱ्यावर, शाळेच्या दाखल्यावर कोठे तरी राहतात. आपल्या आज्या-पणज्यांची पुष्कळदा तिथेही नसतात. त्यांचा एवढाच काय तो पुरावा, आणि तोही मुका!

म्हणून माझी सूचना अशी. यंदा मृग लागण्यापूर्वी प्रत्येकीने आपली पेटी, माळा, कपाट धुंडाळावे. सापडेल ते घेऊन एका दुपारी मंडळात जमावे आणि गावातील सर्वांत वृद्ध बायकांना आधी बोलवावे. त्या सांगतील ती नावे, नाते, गाव, साल लिहून घ्यावे. काच कदाचित आणखी पन्नास वर्षे टिकेल. सांगणाऱ्या आजीबाई तोवर थांबणार नाहीत.