चिमट्याचं चुंबकत्व

मी मराठी माध्यमाचा बी.ए. भौतिकशास्त्राशी माझा संबंध स्टाफरूममधल्या गप्पांपुरता. तरी हा इतिहास वाचायला घेतला आणि खाली ठेववेना.

इलेक्ट्रॉनला विद्युतभार असतो, तसाच 'स्पिन'ही असतो. भोवऱ्यासारखं खरोखर काही फिरत नाही म्हणे. प्रत्येक इलेक्ट्रॉन हा इवलासा चुंबक, एवढं समजलं तरी पुरे. लोखंडात हे स्पिन प्रार्थनेला उभ्या असलेल्या मुलांसारखे एका दिशेला तोंड करतात. (आमची मुलं कधी तशी उभी राहिली नाहीत, ते सोडा!) चिपमधल्या अर्धवाहकात अशी रांग लागत नाही. म्हणून हिशेब चिपमध्ये आणि साठवण चुंबकीय डिस्कवर, असे दोन वेगळे संसार झाले.

ते एकत्र आणायला अर्धवाहकात मँगनीज मिसळून पाहिलं. पण नेहमीच्या तापमानाला थर वाढवला की मँगनीज वेगळं होऊन त्याच्या गाठी होत. मुनेकाता, ओनो आणि सहकाऱ्यांनी थर मुद्दाम कमी उष्णतेत वाढवला आणि 1989 मध्ये इंडियम आर्सेनाइडमध्ये मँगनीज बसवून दाखवलं. 1996 मध्ये जपानातल्या सेंदाईला ओनोंनी तेच गॅलियम आर्सेनाइडमध्ये साधलं. पुढे हे चुंबकत्व 110 केल्विनपर्यंत टिकलं, म्हणजे उणे 163 अंश सेल्सिअस! 2000 मध्ये तर त्यांनी केवळ विद्युतदाब बदलून इंडियमच्या थरातलं चुंबकत्व घालवून परत आणलं. मला सगळ्यात नवल याचं वाटतं.

त्याच वर्षी दीत्ल आणि सहकाऱ्यांनी गणित मांडलं, की गॅलियम नायट्राइड आणि झिंक ऑक्साइडमध्ये हे खोलीच्या तापमानालाही जमावं. मग काय, झुंबडच उडाली. जो तो आपल्या थरात चुंबकत्व सापडल्याचं सांगू लागला. हाफ्नियम ऑक्साइड तर मुळात विद्युतरोधक, त्यात चुंबकीय धातूही नाही. पण 2004 मध्ये त्याच्याही थरात ते सापडल्याचं जाहीर झालं. 2005 मध्ये आयबीएमच्या तिघांनी तपासलं. स्वच्छ थरात काही नव्हतं. स्टेनलेस स्टीलच्या चिमट्याने धरला, की थर 'चुंबकीय' व्हायचा! चिमट्याचे कण लागत होते. तो निबंध मला नव्या शोधाइतकाच मोलाचा वाटतो, पण अशा कामाला हारतुरे कोण घालतो?

गॅलियम आर्सेनाइडची गाडी पुढे 200 केल्विनच्या आसपास अडकली. ओनोंच्या गटाने 2010 मध्ये कोबाल्ट, लोह आणि बोरॉनच्या धातूच्या थरांवर मोठं काम केलं, आणि त्या जातीचे थर आता चुंबकीय मेमरी चिपमध्ये वापरले जातात. त्या खोलीच्या तापमानालाच चालतात.