ज्वारीची खोडमाशी आणि पेरणीचा दिवस



राजेरजवाड्यांच्या लढायांच्या बखरी आपण आवडीनें वाचतों. शेतकरी आणि कीड यांच्या लढाईची बखर मात्र क्वचितच वाचतों. तिचें एक पान आज आपणांपुढें ठेवितों.

ज्वारी उगवून आठवडा लोटतो न लोटतो तोंच खोडमाशी शेतांत येते. पानाच्या खालच्या अंगास ती पांढरें, लांबट अंडें घालते. अळी पोंग्यांत उतरून वाढीचा कोंबच कापते. पोंगा वाळतो आणि ओढतांच हातीं येतो. रोप महिन्याचें झालें म्हणजे हें भय बहुतांशीं टळतें.

खरिपाची ज्वारी पहिला पाऊस साधून पेरावी, हें जुन्या शेतकऱ्यांचें धोरण. त्याचें कारण पुढें शास्त्रानें दाखविलें. हैदराबादेजवळ पाटणचेरू येथें १९७२ सालीं स्थापन झालेल्या ‘इक्रिसॅट’ संस्थेंत मासळीच्या कुटीचे सापळे लावून माश्या मोजण्यांत आल्या. उन्हाळ्यांत माशी थोडी उरते. आगाप पिकावर तिची वीण वाढते, आणि मागास पेरलेल्या कोवळ्या शेतावर ती तुटून पडते.

१९६४ सालीं ‘सी. एस. एच. १’ हें पहिलें संकरित वाण प्रसृत झालें. तें बुटकें, हळवें, भरघोस दाण्याचें. पण खोडमाशीस सहज बळी पडणारें. त्यामुळें पेरणीच्या दिवसाचें महत्त्व उणें न होतां वाढलेंच. उलट मोहोळास निवडलेल्या रब्बीच्या मालदांडीचीं तुकतुकीत कोवळीं पानें माशीस तितकीं मानवत नाहींत.

या इतिहासांत एक अन्यायही आहे. ज्याच्या घरीं औत नाहीं, तो भाड्याच्या औताची पाळी येईपर्यंत थांबतो. आणि सधन शेजाऱ्याच्या शिवारांत वाढलेली माशी त्याच्या शेतावर उतरते. पैसा एकाचा वांचतो, पीक दुसऱ्याचें जातें! म्हणून साऱ्या गांवानें एकमेकांस हात देऊन आठ-दहा दिवसांत पेरणी उरकावी. बियाणें थोडें अधिक टाकावें. विरळणीच्या वेळीं सुकल्या पोंग्यांचीं रोपें उपटून नष्ट करावीं. पहिला महिना शेतांत पांच ठिकाणीं बसून पानें उलटून पाहावीं. शेंकडा दहा रोपांचे पोंगे सुकले, तर मगच औषधाचा विचार करावा.

औषध विकत मिळतें. चुकलेली पेरणीची वेळ मात्र कोणत्याही बाजारांत मिळत नाहीं. ती गांवानें एकोप्यानेंच साधावी लागते.