शेतीचं अनुदान: कुणाला, किती आणि हातात कधी?

‘डाळ मिल टाका, ३५ टक्के अनुदान मिळवा’, ‘सेंद्रिय शेतीला हेक्टरी ३१,५०० रुपये’ असे रील्स आणि फॉरवर्ड सतत फिरत असतात. आकडे बऱ्याचदा खरे असतात. पण त्यातले शेतकऱ्याच्या हातात किती येतात आणि कधी येतात, हे तिथे सांगितलेलं नसतं. अनुदानाच्या भरवशावर कुणी उसनवारी करून मशीन आणलं, तर अनुदान मंजूर होऊनही कर्जाचे हप्ते थकू शकतात. म्हणून अर्ज करण्याआधी पैशाचा प्रवास समजून घ्यायला हवा.

३५ टक्के अनुदान कसं मिळतं?

प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना म्हणजेच ‘पीएमएफएमई’ २०२० मध्ये सुरू झाली. पापड, मसाले, गूळ, लोणची, डाळ मिल, तेलघाणा अशा छोट्या उद्योगांसाठी ती आहे. प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, पण जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान मिळतं. जमिनीची किंमत प्रकल्प खर्चात धरली जात नाही.

समजा, प्रकल्प १० लाखांचा आहे. किमान १० टक्के, म्हणजे १ लाख रुपये स्वतःचे घालावे लागतात. उरलेले ९ लाख बँकेचं कर्ज. अनुदान होतं साडेतीन लाख, पण ते अर्जदाराच्या हातात पडत नाही. ती रक्कम बँकेत वेगळी ठेवली जाते. कर्जाचा शेवटचा हप्ता बँकेने दिल्यानंतर ३ वर्षं उद्योग सुरू राहिला आणि कर्ज थकलं नाही, तरच ती कर्जखात्यात वळती होते.

म्हणजे बँकेने कर्ज दिलं नाही, तर हे अनुदानही नाही. दुसऱ्या वर्षी उद्योग बंद पडला, तर अनुदान हातचं जाऊ शकतं. त्यामुळे पहिल्या ३ वर्षांचे हप्ते विक्रीतून फिटतील का, हे गणित अर्जाआधीच मांडावं लागतं.

बचत गटातल्या महिलांना काय मिळतं?

याच योजनेत अन्न प्रक्रियेचं काम करणाऱ्या बचत गटाच्या सदस्याला ४० हजार रुपयांपर्यंत बीज भांडवल मिळतं. कच्चा माल आणि छोटी अवजारं यासाठी ते वापरता येतं. मात्र सरकार हे पैसे गटांच्या संघाला अनुदान म्हणून देतं आणि संघ ते सदस्याला कर्ज म्हणून देतो. संघासाठी अनुदान असलेली रक्कम सदस्याला परत फेडायची असते.

सेंद्रिय शेतीच्या ३१,५०० रुपयांचं काय?

परंपरागत कृषी विकास योजना २०१५-१६ पासून सुरू आहे. एकट्या शेतकऱ्याला यात थेट शिरता येत नाही, किमान २० हेक्टरचा गट लागतो. हेक्टरी ३१,५०० रुपये हे ३ वर्षांचे मिळून आहेत. त्यातले १५ हजार सेंद्रिय खतं आणि इतर निविष्ठांसाठी थेट शेतकऱ्याच्या खात्यात येतात. बाकीचे पैसे प्रशिक्षण, प्रमाणीकरण, पॅकिंग आणि विक्री यांवर खर्च होतात.

हिशोब केला तर शेतकऱ्याच्या वाट्याला एकरी वर्षाला साधारण २ हजार रुपये येतात. तेवढ्यावर रासायनिक शेती सोडण्याचा निर्णय घेणं कठीण आहे. खरा फायदा गटाच्या प्रमाणपत्राचा होऊ शकतो, पण त्यासाठी चांगला भाव देणारं गिऱ्हाईक आधी शोधावं लागतं.

यंत्र आधी घ्यावं की अर्ज आधी करावा?

महाडीबीटी पोर्टलवरच्या कृषी यांत्रिकीकरणासारख्या योजनांमध्ये क्रम ठरलेला आहे: अर्ज, निवड, पूर्वसंमती, खरेदी, बिल अपलोड, तपासणी आणि शेवटी खात्यात पैसे. पूर्वसंमतीच्या आधी यंत्र घेतलं, तर ते बिल चालत नाही. शिवाय खरेदीच्या वेळी पैसे स्वतःच उभे करावे लागतात.

शेतकरी उत्पादक कंपनी काढली तर?

केंद्राच्या २०२० च्या योजनेत कंपनीला ३ वर्षांत १८ लाख रुपयांपर्यंत व्यवस्थापन खर्च देण्याची तरतूद होती. सपाट भागात त्यासाठी किमान ३०० सभासद लागतात. सभासदांनी भाग भांडवल भरलं, की त्याच्या जोडीला प्रति सभासद २ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. योजनेचं १० हजार कंपन्यांचं उद्दिष्ट फेब्रुवारी २०२५ मध्ये पूर्ण झालं. त्यामुळे ‘१८ लाख मिळतील’ म्हणून कुणी नवी कंपनी काढायला सांगत असेल, तर ते कोणत्या योजनेतून मिळणार, हे आधी विचारावं.

सीएसआरचा पैसा कुणाला मिळतो?

देशी बियाण्यांची बँक किंवा शाळेतली परसबाग अशा उपक्रमांना मोठ्या कंपन्यांचा सीएसआर निधी मिळू शकतो. तो घेऊन काम करणाऱ्या बिगरसरकारी संस्थेकडे सहसा १२ए आणि ८०जी नोंदणी लागते. १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ ही नोंदणीही बंधनकारक आहे. शेतकरी उत्पादक कंपनी यात बसत नाही. तिला अशा नोंदणीकृत संस्थेसोबत काम करावं लागतं.

अर्जाआधी काय तपासावं?

– योजना कुणासाठी आहे: व्यक्ती, गट, कंपनी की संस्था?
– पैसे कामाआधी मिळतात, बिल दिल्यावर की ३ वर्षांनी?
– स्वतःचा हिस्सा किती आणि तो कुठून येणार?
– या आर्थिक वर्षात योजना सुरू आहे का आणि जिल्ह्यासाठी निधी शिल्लक आहे का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तालुका कृषी अधिकारी कार्यालयात मिळतं. पीएमएफएमईसाठी प्रकल्प अहवाल आणि बँकेच्या कागदपत्रांत मदत करायला जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात. त्यांचं मानधन सरकार देतं. त्यामुळे ‘फाइल पास करून देतो’ म्हणत कुणी टक्केवारी मागितली, तर ती देण्याआधी कृषी कार्यालयात एक चक्कर मारणं स्वस्त पडेल.